वाचकांचे प्रश्न : जुने कंट्रोलर, नवा पीएलसी

रत्नागिरीहून एक वाचक लिहितात : आमच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात सहा टेम्परेचर कंट्रोलर आणि दोन एनर्जी मीटर आहेत. सगळे आरएस-४८५वर (दोन वायरींची सीरियल लाइन) मॉडबस आरटीयू (यंत्रांची प्रश्नोत्तरांची भाषा) बोलतात. नवा पीएलसी (कारखान्याची यंत्रं चालवणारा छोटा संगणक) फक्त इथरनेटचा, म्हणून मध्ये गेटवे (दोन्हींमधला दुभाषी) लावला. चिल रूमचे आकडे बरोबर येतात, पण फ्रोझन स्टोअरचे दोन कंट्रोलर ६५३५ अंश दाखवतात. शिवाय पावसात एक कंट्रोलर अधूनमधून गायब होतो आणि तो गेला की सगळी स्क्रीन रेंगाळते. पुरवठादार म्हणतो, सगळेच बदला. बदलावेत का?

बदलू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून बदलण्याचं एकही कारण दिसत नाही.

आधी ६५३५ घ्या. तुमचं फ्रोझन स्टोअर उणे १८.५ अंशांवर असणार. कंट्रोलर ते दहापट करून उणे १८५ असं १६ बिटांत पाठवतो. पीएलसी तेच बिट बिनचिन्हाचा आकडा समजून वाचतो, आणि ६५५३६मधून १८५ वजा केले की ६५३५१ उरतात. दहाने भागा, ६५३५.१. चिल रूम शून्याच्या वर, म्हणून तिथे घोळ दिसत नाही. पीएलसीत त्या रजिस्टरचा (आकडा ठेवायच्या खणाचा) प्रकार ‘साइन्ड इंटिजर’ म्हणजे चिन्हासह आकडा करा, काम झालं. यासाठी कंट्रोलर भंगारात काढायला सांगणं मला पटत नाही. ती यंत्रं अजून चोख काम करतायत.

आता रेंगाळणं. आरएस-४८५च्या दोन वायरींवर एका वेळी एकच बोलू शकतो. गेटवे एकेकाला विचारत जातो. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका छोट्या प्रश्नोत्तराचे बाइट जेमतेम २० मिलिसेकंदांत निघतात, म्हणजे आठही यंत्रांची फेरी सेकंदाच्या आत व्हायला हवी. पण गेटवेत टाइमआउट (उत्तराची वाट बघायची वेळ) एक सेकंद आणि प्रयत्न तीन ठेवले असतील, तर गप्प बसलेलं एकच यंत्र प्रत्येक फेरीत तीन सेकंद खातं. टाइमआउट ३०० मिलिसेकंदांवर आणा आणि फेरप्रयत्न एकच ठेवा.

राहिला पावसात गायब होणारा. हा खरा कोकणातला आजार, आणि तो बहुतेक वेळा यंत्राचा नसतो, वायरचा असतो. त्या कंट्रोलरचा जंक्शन बॉक्स उघडून बघा. दाराशी थंड हवा आणि दमट खारी हवा एकत्र येतात, बॉक्सच्या आतल्या झाकणावर पाण्याचे थेंब धरतात, आणि स्क्रूखालचं तांबं हिरवं पडतं. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा, फेरूल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) लावा, ग्लँड (केबल आत येण्याची घट्ट बूच) खालच्या बाजूने घ्या, रिकामं भोक बंद करा. नवी केबल घेणार असाल तर कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याचीच, पीळ दिलेली आणि शिल्डची घ्या.

लाइनही तपासा. सगळ्यांचा सप्लाय बंद करून ए आणि बी टर्मिनलमध्ये मल्टीमीटर लावा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतील तर साधारण ६० ओहम दिसतात. १२०च्या आसपास दिसले तर एक गायब, ४०च्या आसपास दिसले तर कोणीतरी तिसरा लावलाय. वायर एका यंत्रातून दुसऱ्यात अशी लूप मारलेली हवी. आठ वायरी पॅनेलमध्ये आणून एकत्र बांधल्या असतील तर तेही सोडवा. शिवाय कॉम्प्रेसर रूमचं आणि ऑफिसचं अर्थिंग वेगळं असतं, म्हणून दोन वायरींबरोबर तिसरी कॉमनची वायर न्यायलाच हवी, आणि गेटवे आयसोलेटेड, म्हणजे दोन बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा, हवा. वळवाच्या विजा चमकतात तेव्हा यावर वाचवलेले पैसे पोर्टबरोबर जळतात. मला विचाराल तर पैसे इथेच घाला.

देवगडहून एक भगिनी विचारतात : आमच्या आंब्याच्या पल्प युनिटमध्ये वजनकाट्याचा जुना इंडिकेटर आहे, मागे आरएस-२३२चा नऊ पिनांचा पोर्ट. वजन थेट संगणकात घेता येईल का?

येईल, ताई. पण हा इंडिकेटर बहुधा मॉडबस बोलत नाही, वजन साध्या अक्षरांत ओळीमागून ओळ पाठवत राहतो. म्हणून मॉडबसचा गेटवे नको, आलेले बाइट जसेच्या तसे इथरनेटवर देणारा सीरियल सर्व्हर घ्या आणि तो काट्याशेजारीच बसवा. आरएस-२३२ची वायर पंधरा मीटरच्या पुढे नेऊ नये. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये ‘वजन स्थिर’ची खूण वाचूनच आकडा घ्या, नाहीतर क्रेट ठेवताना हलणारं वजन नोंदलं जाईल. आणि वैधमापन विभागाचं सील असेल तर त्याला हात लावू नका. बाहेरच्या पोर्टला वायर जोडायला सील तोडावं लागत नाही. आत काही करायची वेळ आली तर परवानाधारक दुरुस्तीवाल्यालाच बोलवा.

मालवणहून बर्फ कारखान्याचे एक मालक : गेटवे राउटरवरून इंटरनेटला उघडला तर मुलगा पुण्यातून आकडे बघू शकेल ना?

बघेल, आणि इतर कोणीही बघेल. एवढंच नाही, तो परका माणूस कॉम्प्रेसरचा सेटपॉइंटही (ठरवून दिलेला आकडा) बदलू शकेल. मॉडबस १९७९ सालचा आहे आणि त्यात पासवर्ड ही सोयच नाही. राउटरमध्ये पोर्ट ५०२ (मॉडबसचं दार) आजच्या आज बंद करा. मुलासाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खाजगी, कुलूपबंद रस्ता) घ्या, आणि गेटवेत ‘फक्त वाचन’ची सोय असेल तर ती चालू करा.