इव्हेंट कॅमेऱ्याला पुढच्या हालचालीचा अंदाज दिला तर सेन्सर सुधारेल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे, आणि वस्तू पुढच्या क्षणी कुठं असेल याचा अंदाज इव्हेंट कॅमेऱ्याला दिला, तर नॉइजही कमी होईल आणि डेटाही, हे खरं का?

दोन्ही होतं. पण एकाच फिल्टरनं दोन्ही होत नाही, आणि तुमचा प्रोजेक्ट नेमका तिथंच अडकेल असं मला वाटतं.

मी प्राध्यापक नाही. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत बेदाणा निवडायच्या मशीनचं कॅमेऱ्याचं काम बघतो. एका ओळखीच्या माणसाकडून महिनाभरासाठी इव्हेंट कॅमेरा मिळाला होता, त्यात जे शिकलो ते सांगतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी दोन ओळी. साधा कॅमेरा सेकंदाला तीस-साठ पूर्ण फोटो काढतो. इव्हेंट कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल आपल्यापुरता बघतो. त्याच्यावरचा उजेड ठराविक प्रमाणात वाढला किंवा घटला, तरच तो बोलतो: मी अमुक आडव्या ओळीतला, अमुक उभ्या रांगेतला, अमुक मायक्रोसेकंदाला, उजेड वाढला किंवा कमी झाला. असं एक बोलणं म्हणजे एक इव्हेंट, आणि काही न घडता उगाच आलेला इव्हेंट म्हणजे नॉइज. समोर नुसती भिंत असेल तर जवळजवळ गप्प. मुळात ही कल्पना डोळ्याच्या पडद्यावरून, म्हणजे रेटिनावरून उचललेली. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात मीशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी सिलिकॉनचा रेटिना केला, २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या संशोधक मंडळींचा १२८ बाय १२८ पिक्सेलचा सेन्सर प्रसिद्ध झाला, आणि आता १२८० बाय ७२० चे मिळतात.

आता बेदाण्याकडे येतो. हालचालीचा अंदाज आमच्या धंद्यात जुनाच आहे. कलर सॉर्टरमध्ये, म्हणजे रंग बघून माल निवडणाऱ्या मशीनमध्ये, माल पन्हाळीवरून घसरत येतो, कडेवरून खाली पडतो, पडता पडता कॅमेरा बघतो आणि खालच्या नोझलमधून हवेचा फटका बसून खराब दाणा बाजूला उडतो. समजा कॅमेऱ्यासमोर दाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आहे आणि नोझल १० सेंटीमीटर खाली. गुरुत्वाकर्षण धरून हिशेब केला तर दाणा तिथं पोचायला ४५ मिलिसेकंद लागतात, आणि पोचेपर्यंत वेग २.४ मीटरच्या वर गेलेला असतो. पाच मिलिसेकंद चुकलात तर दाणा बारा मिलिमीटर पुढं गेला, म्हणजे जवळजवळ अख्खा एक बेदाणा. मग चांगला दाणा उडतो आणि काडी, म्हणजे देठाचा तुकडा, बॉक्समध्ये जाते.

म्हणून मला वाटलं, या कॅमेऱ्यासारखं दुसरं काही नाही. बसवला, चालू केला, आणि अख्खा स्क्रीन ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा उसळायला लागला. दोन दिवस मी केबलला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून शेडमधली ट्यूबलाइट बंद केली, तर सगळं शांत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. आपल्या डोळ्याला कळत नाही, याला दर वेळी कळतं. (आता काही चिपमध्येच हा लुकलुकाट ओळखून गाळायची सोय असते. तोही एक अंदाजच, फक्त हालचालीचा नाही, उजेडाचा.)

उजेड बदलल्यावर खरं काम सुरू झालं. पडत्या दाण्याचा वेग माहीत आहे, म्हणून प्रत्येक इव्हेंट त्या वेगानं मागं सरकवून एकाच क्षणावर आणायचा. वेग बरोबर असेल तर सगळे इव्हेंट दाण्याच्या कडेवर एकावर एक बसतात आणि रेघ धारदार दिसते. वेग चुकला तर फराटा उमटतो. उलट, वेग माहीत नसेल तेव्हा जो वेग धरल्यावर चित्र सगळ्यात धारदार होतं तोच खरा, असंही काढता येतं. झुरिकच्याच लोकांनी २०१८ मध्ये हे नीट मांडलंय, ते शोधून वाचाच. नॉइजचे इव्हेंट कशावरच बसत नाहीत, एकटे पडतात. ते काढून टाकले आणि चित्र एकदम स्वच्छ झालं. मी खूश.

मग मुद्दाम मूठभर काड्या मिसळून माल सोडला, आणि निम्म्या काड्या दिसेचनात.

काडी हलकी असते. पडताना गिरकी घेते, तिची टोकं दाण्यापेक्षा वेगळ्याच वेगानं फिरतात. माझ्या अंदाजात ती कुठंच बसत नव्हती, म्हणून फिल्टरनं तिला नॉइज समजून खाऊन टाकलं. मशीन ज्या काडीसाठी आहे तीच गायब!

मग उलटं केलं. अंदाजाशी जुळतात ते इव्हेंट वजा केले आणि उरलेले ठेवले. आता काडी ठळक दिसली, डेटाही पुष्कळ कमी झाला, कारण बेदाणेच बेदाणे पडत असतात आणि ते सगळे गेले. पण उरलेल्यात नॉइजही सगळा होता.

तुमच्या प्रश्नातली गाठ इथं आहे. नॉइज घालवायचा तर अंदाजाशी न जुळणारं टाकायचं, डेटा कमी करायचा तर जुळणारं टाकायचं. आधी ठरवा कुठलं हवंय. दोन्ही हवं असेल तर दोन पायऱ्या करा. पहिल्या पायरीत वेगाचा प्रश्नच आणू नका, फक्त शेजारच्या पिक्सेलवर नुकतंच काही घडलंय का एवढं बघा. काडी या चाळणीत गाळली जात नाही, कारण ती कशीही फिरली तरी तिच्या कडेचे पिक्सेल एकामागोमाग बोलतातच. वेगाचा अंदाज दुसऱ्या पायरीत.

डोळ्यात पुढचा अंदाज बांधणं आणि सवयीचं गाळणं अशी दोन्ही कामं होतात, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते. सॅलॅमँडर आणि सशाच्या रेटिनावरचा १९९९ चा प्रयोग आहे: सरकत्या पट्टीला रेटिना असा प्रतिसाद देतो की मज्जातंतूंचा उशीर भरून निघतो. त्याच प्रयोगशाळेनं २००५ मध्ये दाखवलं की रेटिना समोरच्या दृश्याची सवय करून घेतो आणि नवीन काय आलं त्यालाच जास्त प्रतिसाद देतो.

अंदाज किती पुढचा करायचा? संध्याकाळी कॅमेरा घेऊन आयर्विन पुलाजवळ कृष्णेकाठी बसलो होतो. पाकोळ्या उडत होत्या. सरळ रेषेतला वेग धरून दहा मिलिसेकंद पुढचा अंदाज छान बसायचा. शंभर मिलिसेकंद म्हटलं की पाकोळी हवेतल्या हवेत वळून भलतीकडेच गेलेली. पाण्यावरच्या चकाकीला तर अंदाजच नाही, ती कुठंही उमटते.

अंदाजाचं सर्किट पिक्सेलमध्येच घालायचा विचार असेल तर सोडा. पिक्सेल आता पाच मायक्रॉनच्या आत आलेत, जागा नाही, आणि एकट्या पिक्सेलला दिशा कळतही नाही. मुठीच्या भोकातून सरकती तिरकी काठी बघा, ती खाली चाललीय की बाजूला, सांगता येत नाही. थ्रेशोल्डही, म्हणजे उजेड किती बदलला की बोलायचं ती मर्यादा, बहुतेक चिपमध्ये सगळ्यांना मिळून एकच असतो. अंदाजावरून चिपला परत सांगण्याजोगं म्हणजे कुठला भाग चालू ठेवायचा, एवढंच.

कॅमेराच हलणार असेल, म्हणजे ड्रोनवर वगैरे, तर अंदाज जायरोवरून, म्हणजे कॅमेरा किती वेगानं वळतोय ते मोजणाऱ्या सेन्सरवरून घ्या. कॅमेरा वळल्यामुळं जे इव्हेंट येणार ते आधीच कळतात, उरतं ते खरोखर हलणारं. या पद्धतीनं झुरिकच्या ड्रोननं २०२० मध्ये अंगावर फेकलेला चेंडू चुकवलाय, बघण्यापासून निर्णयापर्यंत साडेतीन मिलिसेकंदांत.

कॅमेरा विकत घ्यायची घाई करू नका, किंमत लाखांत जाते. व्ही-टू-ई नावाचं फुकट सॉफ्टवेअर साध्या व्हिडिओतून इव्हेंट बनवून देतं, नॉइजसकट. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शेंगदाणे पडताना शूट करा, त्यात चार खडे टाका, आणि तुमचा फिल्टर खडे खातो का ते बघा. शूटिंग दुपारी उन्हात करा, ट्यूबलाइटखाली नको.