‘आनंद व्हायलाच हवा होता ना?’

“परदेशातले वर्ष इतके छान गेले, सगळे म्हणतात नशीब काढलेस, मग मला त्याचा आनंद का वाटत नाही? मी कृतघ्न आहे का?” हा प्रश्न दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी वेगवेगळ्या तरुण आयांच्या तोंडून पुन्हापुन्हा ऐकला आहे. नवऱ्याला मिळालेला वर्षभराचा प्रकल्प, पत्नीने नोकरीतून घेतलेली बिनपगारी रजा, तिथेच झालेले पहिले बाळंतपण, सुट्टीच्या दिवसांतले फिरणे आणि परतल्यावर नातेवाइकांना दाखवायचे शेकडो फोटो, असा या कहाण्यांचा साधारण आराखडा असतो. त्यांपैकी एका जोडप्याच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

तिला आपण मृणाल म्हणू. मुलुंडचे हे कुटुंब म्युनिकहून परतून चार महिने झाले होते. पहिल्या भेटीत ती जवळजवळ तासभर स्वतःच्या तक्रारीऐवजी तिथल्या सोयींचेच वर्णन करत होती. जर्मनीत बाळंतपणानंतर 12 आठवड्यांपर्यंत प्रशिक्षित सुईण घरी येते आणि तिचा खर्च सरकारी आरोग्य विम्यातून भागतो, हे तिने मला दोनदा सांगितले. आपले दुःख मांडण्याआधी त्याला हक्क नाही हे सिद्ध करण्याची ही धडपड माझ्या परिचयाची आहे.

तिची आई 20 सप्टेंबरला म्युनिकला पोहोचली आणि 10 ऑक्टोबरला बाळ झाले. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामाईक व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवसच राहता येत असल्यामुळे आईला 18 डिसेंबरला निघावेच लागले. तोवर हळिवाचे लाडू, तेल-मालिश, बारसे सगळे झाले होते. ओव्याची धुरी मात्र एकदाच झाली, कारण छतावरचे धुराचे इशारायंत्र वाजू लागले आणि वरच्या मजल्यावरचे शेजारी धावत आले. आई गेली तेव्हा बाळ जेमतेम दहा आठवड्यांचे होते आणि म्युनिकमध्ये दुपारी साडेचारच्या आतच सूर्य मावळत होता.

“त्यानंतर तुम्ही काय केलंत?” मी विचारले.

“फिरलो. साल्झबर्ग, व्हिएन्ना, प्राग. पुन्हा कुठे जाणं होणार होतं?”

तिसऱ्या भेटीला तिचा नवराही आला. तो प्रामाणिकपणे गोंधळलेला होता आणि प्रत्येक फोटोत ती हसते आहे, हे पुन्हापुन्हा सांगत होता. सुईणीच्या सांगण्यावरून मृणालने बाळाला पाजल्याच्या वेळा एका वहीत लिहून ठेवल्या होत्या, हे मला आधीच्या बोलण्यातून कळले होते. ती वही मी मागवून घेतली होती. साल्झबर्गच्या फोटोवर 21 डिसेंबर ही तारीख होती. त्याच तारखेचे पान मोठ्याने वाचायला मी त्याला सांगितले.

“पहाटे 3.10, डावीकडे, 20 मिनिटे. 4.45, उजवीकडे, 15 मिनिटे. डायपर बदलला. आज साल्झबर्ग. आज तरी आनंद वाटलाच पाहिजे.”

तो थांबला. शेवटची ओळ त्याने पुन्हा एकदा, या वेळी मनातल्या मनात वाचली.

“मी कुठे होतो तेव्हा?”

“शेजारीच झोपला होतास. सकाळची गाडी होती, म्हणून उठवलं नाही.”

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “आई गेल्यावर तू गप्प झाली होतीस, ते मला दिसत होतं. फिरवलं की तुला बरं वाटेलच, असं मी धरून चाललो. मग तू हसलीस की मला सुटल्यासारखं व्हायचं.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीवर माझे काम उभे आहे. माणूस परिस्थितीमुळे दुःखी होतो हे खरे, परंतु त्या दुःखावर स्वतःच्या हट्टाचा थर चढवून तो ते असह्य करून घेतो, असे मी मानते. मराठीत हा हट्ट ‘च’ या एका अक्षरात मावतो आणि इतक्या वर्षांच्या सरावाने माझा कान ते अक्षर अचूक टिपतो. त्या दिवशी मला जाणवले ते वेगळेच होते. मी तोवर त्यांना एक दुखावलेली आणि एक बेफिकीर व्यक्ती समजत होते. प्रत्यक्षात दोघांच्याही खांद्यावर एकच ‘च’ होता. ती त्याच्यासाठी हसत होती आणि तो तिच्यासाठी तिकिटे काढत होता.

मी मृणालच्या हातात पेन्सिल दिली आणि त्या ओळीतला ‘च’ खोडायला सांगितला. तिने तो खोडला, वाक्य पुन्हा वाचले आणि मान हलवली. “अजूनही हुकूमच आहे हा,” ती म्हणाली आणि खाली तिने स्वतःहून लिहिले: ‘आज आनंद वाटला असता तर बरे झाले असते. वाटला नाही.’ दुसरे वाक्य पूर्ण करताना ती रडू लागली आणि तिला थांबवण्याची घाई आम्हा दोघांपैकी कोणीही केली नाही.

अशा वर्षाची तयारी करणाऱ्या कुटुंबांना मी आता काही गोष्टी आग्रहाने सांगते. दोन्ही आज्या एकाच वेळी नेऊ नका. प्रत्येकीला स्वतंत्र 90 दिवस मिळतात, त्यामुळे एकीमागून दुसरी गेली तर बाळंतिणीच्या सोबतीला जवळजवळ सहा महिने कोणीतरी असते. बाळाच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करा, आणि परतल्यावर लसींचे कार्ड बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण आपल्याकडे जन्मतःच टोचली जाणारी बीसीजी ही क्षयरोगाची लस जर्मनीत सरसकट दिली जात नाही. प्रसूतीनंतरचे रडवेलेपण बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. ते त्यापुढे टिकले, बाळ झोपलेले असतानाही आईला झोप येईनाशी झाली, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर समुपदेशकाची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. आणि परतलेल्या मुलीला ‘नशीब काढलेस’ म्हणण्याआधी ‘रात्री कोण उठायचे?’ एवढे विचारावे.

शेवटच्या भेटीत मृणालने फोटोंचा अल्बम दाखवायला आणला. साल्झबर्गच्या बर्फातल्या फोटोशेजारी वहीचे ते पान, पेन्सिलीच्या खाडाखोडीसकट, चिकटवलेले होते. आदल्या रविवारी तिच्या आईने अल्बम चाळताना ते वाचले होते. हिवाळ्यात म्युनिकचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते; आईने बोटांवर हिशेब केला आणि विचारले, “तीन दहा म्हणजे आपल्याकडे पावणेआठ ना गं? मी चहा घेत एकटीच बसलेली असायचे तेव्हा. फोन का नाही केलास?”