नेत्यांच्या भाषणांमध्ये बायका कशा दिसतात?

तुम्ही विचारलंय की राजकीय नेत्यांच्या भाषणांमधून स्त्रियांचं आणि स्त्री-पुरुषांच्या भूमिकांचं काय चित्र उभं राहतं. मला भाषणं नीट कान देऊन ऐकायची सवय आहे आणि माझं म्हणणं असं की विशेषणांपेक्षा क्रियापदांकडे लक्ष द्या. पुरुष पिकवतो, कमावतो, लढतो, देश चालवतो, आणि बाईला मात्र सुरक्षा दिली जाते, सन्मान दिला जातो, म्हणजे ती कायम घेणारीच. त्यात ती एकटी कधी नसते, कोणाची तरी आई, बहीण, लेक असते, पुरुष मात्र शेतकरी असतो, कामगार असतो, मतदार असतो.

काही नेते हे उघड बोलतात. २०१४ मध्ये इस्तंबूलला तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन म्हणाले की स्त्री-पुरुष समानता निसर्गाच्या विरुद्ध आहे आणि धर्माने बाईला आईचं स्थान दिलंय. पण न कळत निघालेली वाक्यं मला जास्त त्रास देतात. ऑस्ट्रेलियात तेव्हाचे विरोधी पक्षनेते टोनी ॲबट कार्बनवरच्या कराबद्दल, म्हणजे प्रदूषण करणाऱ्या धुरावरच्या कराबद्दल, बोलताना 'इस्त्री करणाऱ्या गृहिणींना' समजावत होते, आता कराने वीज महागेल हे सांगायला इस्त्रीच कशाला, पण देशाचा आर्थिक प्रश्न बाईपर्यंत पोचवायचा तर घरकामातूनच, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ९ ऑक्टोबर २०१२ ला तेव्हाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी संसदेत ॲबट यांची अशीच जुनी वाक्यं एकेक करून त्यांच्या तोंडावर वाचून दाखवली, पंधराएक मिनिटांचं भाषण आहे, जमलं तर पूर्ण ऐकाच.

आपल्याकडचं २०१४ साल घ्या. एप्रिलमध्ये मुलायमसिंह यादव बलात्काराच्या फाशीबद्दल बोलताना म्हणाले, मुलं आहेत, चुका होऊन जातात. 'होऊन जातात', म्हणजे करणारा कोणीच नाही! आणि १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून मोदींनी आईबापांना विचारलं, मुलीला कुठे चाललीस म्हणून शंभर प्रश्न विचारता, मुलाला कधी विचारलं का, बलात्कार करणाराही कोणाचा तरी मुलगाच असतो ना? त्याच भाषणात शौचालयांचा मुद्दा परत आया-बहिणींच्या इज्जतीवरच आला, ते मला खटकलंच. पण मुलाबद्दलच्या त्या प्रश्नात जाब बाईकडे न मागता करणाऱ्याकडे आणि त्याच्या घराकडे मागितला होता, आणि असं वाक्य मला कुठल्याही पक्षाच्या भाषणात फार क्वचित ऐकायला मिळतं.