टोपणावरची रेघ

प्रिय भगिनी,

धाकट्या बहिणीकडून लिहवून घेतलेले तुमचे पत्र मिळाले. लहानपणापासून तुम्हाला गोष्टी उशिरा समजतात, वाचन जमत नाही, म्हणून तीन वर्षांच्या मुलीला जाऊबाईंच्या हवाली करावे असा सासूबाईंचा आग्रह आहे, आणि गल्लीत नळावर ‘येडीच्या पदरात लेकरू’ असे शब्द तुमच्या कानावर येतात, हे वाचून जीव कळवळला.

पत्रातल्या एका ओळीपाशी मात्र मी बराच वेळ थांबले. मुलीला ताप आला तेव्हा औषध किती द्यायचे हे लक्षात राहावे म्हणून तुम्ही दुकानदाराकडून नीट समजून घेतले आणि बाटलीच्या टोपणावर नेलपेंटची रेघ ओढून ठेवली. आपल्याला काय जमत नाही हे ओळखून त्यावर स्वतःच उपाय शोधणारी आई निष्काळजी कशी म्हणावी? मदत तर प्रत्येक बाळंतिणीला लागते. इतरांच्या बाबतीत आपण तिला माहेरपण म्हणतो, तुमच्या बाबतीत मात्र तीच मदत नालायकीचा पुरावा ठरते, हा उघड अन्याय आहे.

सासूबाईंची काळजी अगदीच खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांकडे जाताना किंवा लसीची तारीख पाहताना सोबत कोणी असावे. परंतु सोबत करणे वेगळे आणि लेकरू काढून घेणे वेगळे. आई-वडिलांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला त्यांच्यापासून तोडू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारात म्हटले आहे, तो भारताने 2007 साली मान्य केला आहे. आणि सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या चंदीगडच्या एका गर्भवतीचा आई होण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली उचलून धरला. कोणी जबरदस्ती केलीच, तर सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तेथे तुम्हाला वकील मोफत मिळू शकतो.

पण त्याआधी घरात बोलणे व्हायला हवे, आणि ते तुमच्या यजमानांनी करायला हवे. पत्रात ते कुठेच बोलताना दिसत नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. हे उत्तर बहिणीकडून त्यांना वाचून दाखवा. तुम्ही टॉवेलांच्या शिलाईला जाता तेवढा वेळ मुलगी जाऊबाईंजवळ राहील, रात्री मात्र आईच्याच कुशीत झोपेल, हे त्यांनी सासूबाईंना तुमच्यासमोर सांगावे.

तुमची ताई