घोटा उघडा ठेवू नका : दुचाकीवरील पादत्राणांविषयी प्रश्नोत्तरे

जून लागला की वाचकांच्या पत्रांतून एकच गैरसमज पुन्हा पुन्हा समोर येतो. पाय झाकला म्हणजे तो सुरक्षित झाला, असे बहुतेकांना वाटते. अस्थिशल्यविशारद म्हणून दुचाकीवरून पडलेल्यांचे पाय मला नेहमीच पाहावे लागतात, म्हणून निवडक शंकांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : चप्पल घालून दुचाकी चालवल्यास दंड होतो का? (फोंडा)

नाही, तसे केंद्रीय परिवहन मंत्र्यांच्या कार्यालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. मात्र दंड नाही म्हणून चप्पल चालते, असा अर्थ कृपया काढू नये.

प्रश्न : मी डिचोलीहून वेर्णा औद्योगिक वसाहतीत मोटारसायकलने जातो. कंपनीने लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज दिले आहेत. तेच वाटेत वापरावेत का? अपघातात ती टोपी वाकून बोटे कापते, असे सहकारी सांगतात.

बोटे कापली जाण्याची ही गोष्ट मी कित्येक वर्षे ऐकतो आहे, पण तसा एकही पाय आजवर माझ्यासमोर आलेला नाही. प्रमाणित सेफ्टी शूजची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते का, हे तपासलेले असते. म्हणजे साधारण २० किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे तेवढा. ज्या आघाताने अशी टोपीसुद्धा चेपेल, त्याखाली टोपी नसलेली बोटे शाबूत राहतील का, याचा सहकाऱ्यांनीच विचार करावा.

माझी खरी काळजी बोटांची नसून घोट्याची आहे. कारखान्यातला बूट वरून पडणाऱ्या वस्तूंपासून आणि खालून टोचणाऱ्या खिळ्यांपासून पाय वाचवण्यासाठी बनवलेला असतो. दुचाकी आडवी होते तेव्हा मात्र पाय गाडी आणि डांबर यांच्यामध्ये सापडतो, घासत जातो आणि त्याच वेळी पिळवटला जातो. घोट्याच्या आतल्या बाजूला बोट लावून पाहा : कातडीखाली लगेच हाड लागते, मध्ये मांसाचा थर जवळजवळ नाहीच. त्यामुळे तेथली कातडी सोलली गेली की हाड उघडे पडते, जखम भरायला फार वेळ लागतो आणि अनेकदा दुसरीकडची कातडी आणून बसवावी लागते. नातेवाईक कधी कधी जखमीचा बूट प्लास्टिकच्या पिशवीतून घेऊन येतात, आणि त्याची नाडी जशीच्या तशी बांधलेली असते. बूट पायातून आधीच निसटलेला असतो. संरक्षण हवे होते त्या क्षणी तो पायात नव्हताच.

म्हणून दुकानात तीन गोष्टी पाहाव्यात. बूट घोट्याच्या दोन्ही हाडांच्या वर जावा. नाडी किंवा पट्टा बांधलेला असताना टाच धरून जोराने ओढली, तरी तो निघू नये. आणि टाच व चवडा दोन हातांत धरून धुतलेल्या कपड्यासारखा पिळू गेल्यास तो सहज पिळला जाऊ नये. आपले सेफ्टी शूज घोट्याच्या वर जात असतील तर तूर्त वापरा, पण जाड टोपी गिअरच्या दांडीखाली अडकत नाही ना, हे गाडी उभी असतानाच तपासा. घोटा पूर्वी मुरगळला किंवा मोडला असेल, तर नवा बूट घेण्याआधी तो अस्थितज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : ऑनलाइन मिळणाऱ्या ‘रायडिंग बुटां’वर सीई असा शिक्का असतो. तो पुरेसा आहे का? (मडगाव)

सीई म्हणजे माल युरोपीय नियमांनुसार असल्याची खूण, पण नुसता शिक्का पुरेसा नाही. दुचाकीस्वारांच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. त्यानुसार तपासलेल्या बुटाच्या आतील पट्टीवर दुचाकीस्वाराचे चिन्ह आणि त्याखाली १ किंवा २ असे चार आकडे असतात : बुटाची उंची, घासण्याला टिकणे, कापण्याला टिकणे आणि तळव्याचा आडवा ताठपणा. २ हा वरचा दर्जा. ‘मिलिटरी’, ‘टॅक्टिकल’, ‘बायकर’ ही विक्रेत्याने चिकटवलेली नावे आहेत. त्यांमागे कोणतीही चाचणी नसते. आतल्या पट्टीचे छायाचित्र मागावे, आणि विक्रेता टाळाटाळ करत असेल तर ते बूट घेऊ नयेत.

प्रश्न : मी म्हापशाहून पणजीला स्कूटरने जाते. कार्यालयात सँडल लागतात. (म्हापसा)

सँडल डिकीत ठेवा आणि बूट घालून स्कूटर चालवा. नाडीची मोकळी टोके आत खोचा.

प्रश्न : पावसात गमबूट चालतील का? मी रोज फेरीबोटीने जातो. (चोडण)

शेतात चालतील, दुचाकीवर नकोत. गमबूट सैल असतो, पडताना सहज निघतो आणि घोट्याला आधार देत नाही. बुटांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा तळ गुळगुळीत असतो. फेरीच्या ओल्या लोखंडी फळीवर गाडी तोलताना तोच पाय सरकतो. खोल खाचांचा रबरी तळ असलेला जलरोधक बूट घ्यावा आणि रेनकोटची पँट बुटाच्या बाहेर ठेवावी. आत खोचली तर पाणी बुटात उतरते. ओले बूट चुलीजवळ वाळवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून वाऱ्यावर ठेवा, नाहीतर आपल्या हवेत आठवडाभरात बुरशी धरते. पायाच्या बोटांमध्ये खाज सुटली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आठ दिवसांपूर्वी सायलेन्सरचा चटका पोटरीला बसला. दुखत नसल्याने घरी हळद लावतो आहोत. त्यांच्यासाठी कोणते बूट घ्यावेत? (वास्को)

बुटांचे नंतर पाहू. दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची जाणीव कमी होते आणि जखम आतून चिघळत असतानाही रुग्णाला कळत नाही. भाजल्याबरोबर तो भाग २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायचा असतो. हळद किंवा टूथपेस्ट लावायची नसते. आठ दिवस आधीच वाया गेले आहेत. जखम स्वच्छ कपड्याने झाका आणि वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्या. रक्तातील साखर तपासून घ्या, धनुर्वाताच्या लसीविषयी विचारा आणि दोन्ही तळव्यांची जाणीवही तपासायला सांगा. तो अहवाल हाती आल्यावर बुटांविषयी मला पुन्हा लिहा.