जड क्रूझर बाइक नवीन घेतलेल्या भावासाठी

भाऊ, अभिनंदन! पण पावणेचारशे किलोचं धूड आहे ते. हायवेवर लोण्यासारखं पळेल. खरी परीक्षा रावेर-सावद्याकडे, केळीच्या ट्रकांमागे माणसाच्या चालीनं चालवताना. तिथे क्लच अर्धा, पाय मागच्या ब्रेकवर, नजर लांब. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलास तर आडवा झालाच म्हण. (मी झालोय, तेही लग्नाच्या मांडवासमोर.) उचलताना पाठ सीटला टेकव, जोर पायांचा लाव.

मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांत इंजिनचा मागचा सिलेंडर मांडी भाजतो, पहाटेच निघ. डांबर मऊ पडतं, साइड स्टँडखाली फळकूट ठेव. कन्नड घाट सध्या नको. आधी रिकाम्या मैदानात आठवडाभर इंग्रजी आठ काढ.