जन्मभर प्लेटा वाचायच्या नसतील तर

प्रश्न : मी बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय आवडतो, पण जन्मभर प्लेटा (जिवाणू वाढवलेल्या तबकड्या) वाचत बसायचं नाही. देशात गंभीर जिवाणूसंसर्ग वाढतोय की घटतोय हे मोजणाऱ्यांत जायचं असेल, तर विषय बदलून स्टॅटिस्टिक्स घ्यावं का?

उत्तर : विषय बदलू नकोस. तू म्हणतेस ते काम रोगसर्वेक्षणाचं, आणि त्यात तुझी मायक्रोबायोलॉजी कामी येते.

रक्तात किंवा मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात एरवी जिवाणू नसतात. तिथे न्यूमोकोकस (न्यूमोनिया, मेंदूज्वर घडवणारा जिवाणू) सापडला की गंभीर संसर्गाची नोंद होते. वर्षभरातल्या अशा नोंदींना लोकसंख्येने भागून दर लाखामागे प्रमाण काढतात. भागाकार शाळेतलाच. खरा कस लागतो तो वरचा, म्हणजे नोंदींचा, आकडा विश्वासार्ह आहे का, हे ठरवताना. डॉक्टरांनी ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) कमी पाठवली, किंवा नमुना घेण्याआधीच अँटिबायोटिक दिलं, तर आजार तेवढाच असूनही दर खाली येतो. स्वतः कल्चर लावलेल्या माणसाला ही शंका आधी येते.

अमेरिकेत सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचं असं सर्वेक्षण १९९५ पासून चालू आहे. नोंदी आपणहून येतील याची वाट न पाहता तिथले लोक प्रयोगशाळांकडे जाऊन त्या गोळा करतात. २००० मध्ये लहान मुलांसाठी न्यूमोकोकसच्या ७ प्रकारांवरची लस आली. मुलांमधला दर उतरला, आणि लस न घेतलेल्या मोठ्यांमधलाही! पुढे लसीत नसलेला १९ए हा प्रकार डोकं वर काढताना दिसला. २०१० च्या १३ प्रकारांच्या लसीत तो घेतला गेला. नुसता एकूण दर पाहून हे उमगलं नसतं, प्रकार ओळखणारी लॅबही लागली.

पदवीनंतर एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) कर, त्यात एपिडेमिऑलॉजी, म्हणजे रोगांच्या प्रसाराचा अभ्यास, घे. स्टॅटिस्टिक्स सोबत शिक, 'आर' ही संगणकभाषा आत्ताच सुरू कर. फील्ड एपिडेमिऑलॉजीचं प्रशिक्षण उत्तम असतं, पण अनेक ठिकाणी वैद्यकीय पदवी मागतात. अटी आधी वाच.

आणि हो, यात साथीमागे धावण्याचा थरार क्वचितच. बराच वेळ अर्धवट फॉर्म पुरे करण्यात, फोन करण्यात जातो. एकाच रुग्णाचे दोन नमुने दोन रुग्ण म्हणून मोजले गेलेत का, हे शोधत बसावं लागतं. त्याचा कंटाळा येईल असं वाटलं तर पुन्हा लिही. क्वालिटी कंट्रोलमधल्या वाटांबद्दल बोलू.